भागूबाई जेवायला बसली

लोणी भापकरच्या दादासाहेब मासाळांच्या घरात धान्याची कणगी कधी रिकामी नसायची. नसायची म्हणजे त्यांची बायको भागूबाई ती रिकामी होऊच द्यायची नाही. तळ दिसायच्या आत नवी बाजरी यायची, आणि दारात आलेलं माणूस तिच्या हातचे दोन घास खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. "कशाला, आत्ताच जेवून आलोय," असं म्हणायची सोय नव्हती. भाकरी ताटात पडलेली असायची.

याला कारण होतं. भागूबाईचं माहेर इंदापूरकडचं. बाप मेंढरं राखायचा. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं, अर्धी मेंढरं मेली आणि उरलेली मिळेल त्या भावात गेली. तेव्हा ती चौदा वर्षांची. आईच्या शेजारी बसून तिनं खडी फोडली, दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून धाकट्या भावंडांसाठी आणली आणि रेशनचा तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, डोळे मिटून गिळला. एक भाऊ त्याच उन्हाळ्यात गेला. हगवणीनं गेला असं सगळे म्हणायचे. भागूबाई म्हणायची, भुकेनं गेला.

लग्न होऊन ती लोणी भापकरला आली तेव्हा सासऱ्यांनीही मेंढरं विकून थोडी जमीन धरली होती. दादासाहेब पुढं पणदऱ्याच्या बाजूला दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाले. दोन म्हशी, चार एकर जिरायत, आणि एकच लेक, सुकन्या. भागूबाईच्या लेखी हे सगळं भरपूर होतं. लेकीला तिनं भरवूनच वाढवली. दुधात कुस्करलेली भाकरी, वर तुपाची धार, कधी खरवस. पोरगी गुटगुटीत, गोल तोंडाची. शेजारची शकुबाई तिचे गाल ओढून म्हणायची, "भागे, पोरगी हाय का लोण्याचा गोळा?"

शहाण्णव साली सुकन्या बारावी झाली आणि बारामतीच्या कॉलेजात जायला लागली. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. त्याच वर्षी गावात केबल आली. काळ्या वायरी या छपरावरून त्या छपरावर गेल्या आणि दादासाहेबांनी रंगीत टीव्ही घेतला. दोन वर्षांपूर्वी आपल्या देशाच्या दोन मुलींनी एकाच वर्षात जगातले सौंदर्याचे मोठे मुकुट जिंकले होते. तेव्हापासून मासिकांच्या मुखपृष्ठांवर, साबणाच्या जाहिरातींत, बारामतीच्या ब्युटी पार्लरच्या पाट्यांवर, जिकडं तिकडं तसल्याच मुली. उंच, काठीसारख्या, मानेची हाडं दिसणाऱ्या. भागूबाई भाकऱ्या थापता थापता टीव्हीकडं बघायची आणि म्हणायची, "ह्या पोरींना घरी कुणी खायला घालत न्हाय का गं?"

सुकन्या हसायची नाही. ती पडद्याला डोळे लावून बसायची.

श्रावणात तिनं सोमवार धरला. भागूबाईला बरं वाटलं. कॉलेजात जाऊनही पोरगी देवाधर्माला विसरली नाही. श्रावण संपला, तरी सोमवार सुटला नाही. मग गुरुवार आला. मग संकष्टी, दोन्ही एकादशा. नवरात्रात नऊही दिवस तिनं पाण्यावर काढले. दादासाहेबांनी मुद्दाम आणलेला साबुदाणा तसाच डब्यात राहिला.

"कडक धरलाय, दादा," ती म्हणाली. "फराळ चालत न्हाय."

शकुबाईनं हे गल्लीभर सांगितलं. बायका म्हणायला लागल्या, एवढ्या कोवळ्या वयात एवढी श्रद्धा! हळदीकुंकवाला सुकन्याला पहिला मान मिळायला लागला. एक म्हातारी तर तिच्या पायाला हात लावायला वाकली. भागूबाईला ऊर भरून आल्यासारखं झालं. तिनंच एकदा लेकीच्या नव्या ड्रेसला आतून शिवण घालताना कौतुकानं म्हटलं होतं, "किती नाजूक झालीस गं. शेरातली वाटतीस." त्या वेळी सुकन्या जी हसली, तसं हसू त्या घरानं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. पुढं हे वाक्य आठवलं की भागूबाई मान खाली घालायची.

उपवास नसला त्या दिवशी सुकन्या ताट घेऊन परसात जायची. म्हणायची, आत गरम होतंय. थंडी पडली तरी तिला गरमच व्हायचं, आणि दुसरीकडं अंगात स्वेटर असायचा. भागूबाईच्या हे लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते कुत्र्यामुळं. मोती संध्याकाळी भाकरीसाठी चुलीपाशी येऊन बसायचा, तो यायचाच बंद झाला. टाकलेला तुकडा हुंगून निघून जायचा. एवढा कसा धष्टपुष्ट झाला म्हणून भागूबाई एकदा सुकन्याच्या मागोमाग परसात गेली. पोरगी म्हशीच्या गव्हाणीजवळ उभी होती. भाकरीचा एकेक घास मोडून कुत्र्याला घालत होती, आणि कालवण गव्हाणीत ओतलेलं होतं.

भागूबाईला पुढचं काही दिसलं नाही. तिनं लेकीच्या थोबाडीत ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"अन्न टाकतीस? अन्न? माझा भाऊ मेला गं एका भाकरीपायी!"

सुकन्या तोल जाऊन गव्हाणीवर पडली. एका चापटीनं एवढी मोठी पोरगी पडावी याचं भागूबाईला नवल वाटलं. उठवायला हात धरला, तर तिच्या दोन बोटांत मनगट मावलं.

त्या दिवशी तिनं लेकीला जवळ बसवून बहात्तर सालचं सगळं सांगितलं. खडी, सुकडी, मिलो, झाडपाला उकडून खाल्लेले दिवस, भावाचं सुकलेलं तोंड. तिला वाटत होतं, हे ऐकलं की पोरगी शुद्धीवर येईल. सुकन्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुला भूक लागली की तू रडायचीस. मला भूक लागली की बरं वाटतं."

"म्हंजी?"

"म्हंजी, आज काय तरी जमलं असं वाटतं."

भागूबाईला यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं, की आपली सगळ्यात मोठी गोष्ट आपण सांगून टाकली आणि ती पोरीच्या अंगाला लागलीच नाही.

संक्रांतीच्या सुमारास तिच्या ध्यानात आलं, की सुकन्या बरेच महिने बाजूला बसलेली नाही. आधी वाटलं, आपणच विसरलो असू. मग तिनं आठवून आठवून महिने मोजले. कॉलेज, एसटीतला प्रवास, तरणी पोरगी. दादासाहेब टेम्पो घेऊन गेलेले. तिनं दार लोटून घेतलं.

"सुके, खरं सांग. कुणाचं हाय?"

"काय कुणाचं?"

"पोटातलं."

सुकन्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भागूबाईला वाटलं, ही कबुलीच झाली. गावात कुणाला पत्ता लागू नये म्हणून बाजाराचं निमित्त करून ती लेकीला बारामतीला घेऊन गेली, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा एका डॉक्टरीणबाईंकडं.

बाईंनी तपासलं, काट्यावर उभं केलं, बोटांची नखं पाहिली, हातावर उगवलेली बारीक लव पाहिली. मग भागूबाईला समोर बसवलं.

"दिवस गेलेले नाहीत. पाळी बंद झालीय ती अंगात काही उरलंच नाही म्हणून. पस्तीस किलो वजन आहे तुमच्या मुलीचं. जेवत नाही ना ती?"

"उपास करती, बाई. देवाचं करती."

बाई सुकन्याकडं वळल्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "देवासाठी करतेस?"

सुकन्यानं पायांकडं बघत सांगितलं. कॉलेजातल्या चौघी मैत्रिणींनी मिळून एका मासिकाच्या 'नवा चेहरा' स्पर्धेला फोटो पाठवायचे ठरवले होते. भिगवण रस्त्यावरच्या स्टुडिओत त्या फोटो काढायला गेल्या. तिघींचे झाले. हिचा नंबर आला तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "मान जरा वर घ्या ताई, नाहीतर हनुवट्या दोन येतात." मैत्रिणी हसल्या. ती पण हसली. फोटो आला तो तिनं फाडून नाल्यात टाकला.

"एवढंच?" भागूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच," सुकन्या म्हणाली. "पण आई, अजून जातच न्हाय. रोज बघती आरशात. हितं बघ की किती हाय." आणि तिनं गालफडाच्या हाडावरची कातडी चिमटीत धरून दाखवली.

पोटातलं नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, की समोर बसलेल्या या सांगाड्याला स्वतःत लोण्याचा गोळा दिसतोय म्हणून ऊर बडवावा, भागूबाईला समजेना. बाईंनी सांगितलं, हा आजार आहे. मोठ्या शहरांतल्या मुलींत त्यांनी पाहिला होता, इकडं पहिल्यांदाच बघत होत्या. पुण्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

भागूबाई ताडकन उठली. "माझी पोरगी शहाणी हाय, बाई. बारावीला फस्क्लास हाय. उद्या तिचं लगीन करायचंय मला. येड्याच्या दवाखान्यात नेली असं गावात झालं तर कोण करंल तिला?"

बाईंनी पुष्कळ समजावलं. भागूबाईनं टॉनिकची बाटली तेवढी घेतली. घरी येऊन तिनं आपल्या पद्धतीनं उपाय सुरू केला. म्हणजे जवळ बसून भरवणं, शपथा घालणं, ओरडणं, रडणं. सुकन्या चार घास खायची आणि मोरीत जाऊन बोटं घालून काढून टाकायची. जाताना बादलीत नळ सोडायची, म्हणजे आवाज येऊ नये. माय-लेकी एका घरात राहून एकमेकींपासून पळायला लागल्या.

मार्चमध्ये एका दुपारी बारामतीच्या स्टँडवर ती चक्कर येऊन पडली. एका ओळखीच्या कंडक्टरनं डेअरीत फोन केला. दादासाहेब टेम्पो तसाच घेऊन स्टँडवर गेले. तिथून तिला दवाखान्यात नेलं आणि सलाइन लागलं. दादासाहेबांनी लेकीला उचलून खाटेवर नीट निजवलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. तोवर भागूबाईही पोचली होती.

"चाळीस लिटरचा कॅन उचलतो मी रोज," ते म्हणाले. "ही त्याच्यापेक्षा हलकी हाय, भागू." मग थोड्या वेळानं, "पुण्याला न्यायची."

"अवं, पण लगीन..."

"लगीन मरू दे तिकडं."

एवढं तोडून बोलणारा माणूस तो नव्हता.

पुण्यात सगळा उन्हाळा गेला. नाडी इतकी मंद झाली होती, की पहिले काही दिवस डॉक्टरांनाही खात्री देता येत नव्हती. भागूबाई वॉर्डाच्या व्हरांड्यात पथारी टाकून राहायची. मनाचे डॉक्टर म्हणजे एक वयस्क, हळू बोलणारे गृहस्थ होते. ते सुकन्याशी रोज बोलायचे. काय बोलायचे ते भागूबाईला कळायचं नाही. एकदा त्यांनी तिलाच बोलावलं. तिला वाटलं, आता आपल्याला दोष देणार.

"भागूबाई, तुम्ही घरी कधी जेवता?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"कुठं बसून?"

"बसायचं काय त्यात? चुलीपाशी उभ्या उभ्या. उरलं आसंल त्ये."

"नसलं उरलं तर?"

भागूबाई हसली. "पानी हाय की."

"तुमच्या मुलीनं तुम्हाला पोटभर जेवताना कधी पाहिलंय का?"

ज्या घरात पाहुण्याला उपाशी उठू दिलं नाही, त्या घरात आपण ताट वाढून कधी बसलो, हे तिला आठवेना. सासू होती तोवर सुनेनं आधी जेवायचं नसतं म्हणून, आणि सासू गेल्यावर सवय म्हणून. डॉक्टर म्हणाले, आजार काही तुमच्यामुळं झाला नाही, असं मनात आणू नका. पण घरी गेल्यावर एक करा. भरवू नका, रागावू नका, खाल्लं म्हणून शाबासकीही देऊ नका. तिच्या अंगाबद्दल बरं-वाईट काही बोलायचं नाही, शेजारणींनीसुद्धा नाही. ठरलेल्या वेळी तुमचं ताट वाढून घ्या आणि तिच्यासोबत बसून स्वतः जेवा.

ऐकायला सोपं होतं, करायला फार अवघड गेलं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी दुपारी भागूबाईनं दोन ताटं वाढली, दादासाहेबांना म्हणाली, "तुमी मागनं घ्या," आणि पाटावर बसली. तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. शकुबाई ताकाला आली होती, ती दारातच थबकली. "आगं बया, नवऱ्याच्या आधी?" भागूबाई म्हणाली, "व्हय. ताक तितं गाडग्यात हाय, घे आन् जा."

सुकन्यापुढं अर्धी भाकरी आणि मुगाची आमटी होती. ती भाकरीकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात उठत नव्हता. भागूबाईनं कसंबसं आपलं बघायचं ठरवलं. घास मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. 'खा गं माझे बाय,' हे शब्द ओठांपर्यंत येऊन परत जात होते. मग दुसरा घास. तिसरा. ठेचा झणझणीत होता. नकळत तिच्या जिभेला चव आली, ती भराभर जेवायला लागली आणि आणखी ठेचा घ्यायला उठली.

"आई," सुकन्या म्हणाली, "तुला ठेचा एवढा आवडतो?"

"तर गं. ल्हानपनापासनं."

"मला म्हाईतच नव्हतं."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून बसली. खूप वेळानं तो तोंडात गेला. त्या दिवशी तेवढाच. भागूबाईचं ताट रिकामं झालं, लेकीचं नाही, तरी दोघी बसून राहिल्या.

असं कितीतरी महिने चाललं. सरळ चढण नव्हती ती. दोन आठवडे बरे जायचे आणि मग एखाद्या दिवशी मोरीतून बादली भरल्याचा आवाज यायचा. तेव्हा भागूबाई पदर तोंडात कोंबून म्हशीच्या अंगाला टेकून उभी राहायची, पण आत जायची नाही. एकदा दादासाहेब चिडून केबलची वायर कापायला कोयता घेऊन छपरावर चढले. सुकन्याच खालून म्हणाली, "दादा, उतरा. आपली कापून काय व्हतंय? गावभर हाय ती." दादासाहेब तसेच उतरले. कॉलेजचं वर्ष बुडालं. केस गळाले होते ते हळूहळू परत आले. दोन दाढा मात्र कायमच्या गेल्या. बंद झालेली अडचण दुसऱ्या दिवाळीच्या मागंपुढं पुन्हा सुरू झाली, तेव्हा भागूबाईनं कुणालाही न सांगता देवापुढं साखर ठेवली, आणि ती साखर दोघींनी मिळून खाल्ली.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात इंदापूरकडून एक स्थळ आलं. मुलगा नोकरीला, घर चांगलं. मंडळी बघायला आली. सोबत मुलाची आत्या झुंबरबाई, बोलायला मोकळी. सुकन्या पोहे घेऊन आली, पाया पडली, बसली. तोवर ती अंगानं बरी भरली होती, तरी बारीकच होती. झुंबरबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी पसंत हाय बघा आमाला," त्या म्हणाल्या. "टीवीतल्यासारखी कशी सडपातळ! फकस्त लगीन हुईपतूर अशीच ऱ्हा हां बाय. जाड हुऊ नगंस. आमच्या पोराला जाड आवडत न्हाय."

कौतुकच होतं ते. बोलणारीच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. पण सुकन्यानं हातातली बशी खाली ठेवली, आणि तिची बोटं आपोआप दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती गेली, पूर्वी माप घ्यायची तशी. भागूबाईनं ते पाहिलं. स्थळ सोन्यासारखं होतं. लेकीचं लग्न व्हावं म्हणून तिनं पुण्याला जायचं टाळलं होतं आणि पोरगी मरता मरता वाचली होती. ती उठून उभी राहिली.

"पाव्हणं," तिनं हात जोडले, "पोहं खावा, च्या घ्या. पन हे जमायचं न्हाय."

मुलाचे वडील दादासाहेबांकडं बघायला लागले. "मासाळ, ह्यो काय परकार? बायामानसांनी सोयरीक मोडायची?"

दादासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मोडली न्हाय, पाव्हणं. जुळलीच न्हाय," ते म्हणाले. "माझी पोरगी जेवंल तेवढी जेवंल. जाड व्हईल न्हायतर बारीक ऱ्हाईल. हे चालत आसंल तर पुन्यांदा या."

मंडळी पुन्हा आली नाहीत.

त्या संध्याकाळी सुकन्या जेवली नाही. ताटापुढं बसली, मीठ चिवडत राहिली. भागूबाई जेवली आणि बसून राहिली. बोलायचं नाही असं ठरलेलं असूनही शेवटी तिच्यानं राहवलं नाही.

"माझ्यावर रागावलीस व्हय, स्थळ घालवलं म्हनून?"

"न्हाय गं."

"मग?"

"आई, त्या बाई बोलल्या तवा मला आधी बरंच वाटलं," सुकन्या म्हणाली. "त्याचीच भीती वाटती."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पहिली भाकरी फुगली, तेव्हा सुकन्या येऊन शेजारी बसली आणि तिनं स्वतःच हात पुढं केला. तिनं पुढं बी.ए. पूर्ण केलं. वाईट दिवस अजून येतात, लग्नाच्या पंगतीत चार बायका बघत असल्या की तिला घास घेववत नाही. तेव्हा भागूबाई शेजारच्या पानावर बसते, इकडंतिकडं न बघता जेवते, आणि लेकीचं होईपर्यंत उठत नाही.